घराचे माप कोणी ठरवायचे?



अमेरिकेत गेली पंचवीस-तीस वर्षे एक चळवळ चालू आहे. तिला 'टायनी हाऊस' म्हणतात. टायनी हाऊस म्हणजे इवलेसे घर. शिकलेसवरलेले, चांगले कमावते लोक आपली मोठी घरे विकून दोनशे-तीनशे चौरस फुटांच्या घरात राहायला जातात. काहीजण तर ते घर चाकांवर बांधतात आणि गाडीला जोडून नेतात. सामान कमी, कर्ज कमी, झाडलोट कमी आणि मनाला सवड जास्त, असे ते सांगतात. या घरांची चित्रे आता आपल्या मुलांच्या मोबाईलवरही येतात. धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या वस्तीतली एखादी म्हातारी ती चित्रे पाहून म्हणेल, "यात नवल ते काय? आमचा सगळा जन्म एवढ्याच जागेत गेला!"

म्हातारीचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. माप एकच असले तरी एक माणूस त्यात राहून सुखी होतो आणि दुसरा गुदमरतो. असे का व्हावे? आजच्या लेखात आम्ही हाच विचार करणार आहोत, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या घडीला घरकुलाचे जोते तरी घातले जात आहे, जुन्या घराला खोली तरी जोडली जात आहे, किंवा घरावरून भावाभावांत बोलणी तरी चालू आहेत.

साहेबाचे लहान घर

प्रथम या अमेरिकन घराची हकिकत पाहू. हेन्री डेव्हिड थोरो नावाचा लेखक १८४५ साली वॉल्डन तळ्याच्या काठी एका झोपडीत जाऊन राहिला. झोपडी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब होती. तिला अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट खर्च आला, हा हिशेब त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. दोन वर्षे आणि दोन महिने तो तेथे राहिला. साधे जगण्याचा विचार मांडणारे आजही त्याचेच नाव प्रथम घेतात. मात्र ती जागा त्याचा मित्र एमर्सन याच्या मालकीची होती आणि गावात आईचे घर होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्याला परत जायला दार उघडे होते.

पुढे अमेरिकेतली घरे फुगत गेली. १९७३ साली तेथे नवे घर सरासरी १,६६० चौरस फुटांच्या आसपास असे. चाळीस वर्षांनी ते २,६०० च्या घरात गेले. कुटुंबे मात्र लहान होत होती. या फुगवट्याला कंटाळून जे शेफर नावाच्या एका गृहस्थाने गेल्या शतकाच्या अखेरीस आयोवा राज्यात शंभर चौरस फुटांपेक्षाही लहान घर बांधले. त्याला चाके लावावी लागली, कारण इतके लहान घर जमिनीवर बांधायला तेथील नियम परवानगी देत नव्हते. २००५ साली कॅटरिना वादळाने हजारो लोक बेघर झाले, तेव्हा मॅरियान कुसाटो या वास्तुरचनाकार बाईंनी ३०८ चौरस फुटांचे नीटनेटके घर आखले. सरकारने दिलेल्या गाडीवजा निवाऱ्यापेक्षा बरे घर माणसाला मिळावे, हा त्यांचा हेतू होता. २००८ च्या मंदीत कर्जाच्या हप्त्यांपायी असंख्य लोकांची घरे गेली आणि लहान घराचा विचार आणखी पसरला. २०१८ च्या बांधकाम नियमावलीत तर अशा घराची व्याख्याच आली : माळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी.

चारशे फूट म्हणजे 'इवलेसे' घर! आपल्याकडे सरकारने गरिबासाठी जे घर ठरवले, ते त्याहूनही लहान आहे. ती कथा आपल्याच जिल्ह्यातली आहे.

भूकंपाने काय पाडले, सरकारने काय बांधले

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट हा जिल्हा विसरणार नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही गावे ढिगाऱ्याखाली गेली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात गेला. त्यांत सर्व जातीधर्मांची माणसे होती, आपलीही होती. ज्या घरातून प्रेते निघाली त्या घराला जात विचारू नये.

तरीही ही घरे का पडली हे समजून घेतले पाहिजे. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती, दगड गोलसर आणि सांधायला नुसती माती. भिंतीच्या दोन बाजू दोन वेगळ्या थरांनी रचलेल्या आणि आरपार जाऊन दोन्हींना धरून ठेवणारा लांब दगड नाही. वर तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर नवी माती पडायची. आजोबाने टाकली, बापाने टाकली, लेकाने टाकली. उन्हाळ्यात घर थंड राहायचे, पण डोक्यावरचे ओझे वर्षागणिक वाढत होते. हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन थर फाकले आणि ती सारी माती झोपलेल्या माणसांवर आली. जेथे छताला लाकडी खांबांचा आधार होता, तेथे भिंती पडूनही छत पुष्कळदा उभे राहिले. आणि कुडाची, गवताची, पत्र्याची जी हलकी घरे होती, ती पडली तरी त्यांच्याखालून माणूस उठून उभा राहू शकत होता.

पिढ्यान्‌पिढ्या ज्या भरभक्कम भिंतींकडे आपण गावकुसाबाहेरून मान वर करून पाहिले, त्या भिंती अशा फसव्या निघाल्या. यात आनंद मानण्यासारखे काही नाही. शिकण्यासारखे मात्र आहे : मोठे घर म्हणजे सुरक्षित घर नव्हे आणि जड घर म्हणजे पक्के घर नव्हे.

भूकंपानंतर जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातून मदत आली, संस्था आल्या. ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवण्यात आली. घरे कोणाला किती मोठी द्यायची याचा नियम ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट. सात हेक्टरांहून जास्त जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. मधल्यांना मधले.

वाचकहो, या नियमाचा जरा शांतपणे विचार करा. घरात माणसे किती, म्हातारी किती, लेकरे किती, हे या मापात मोजले गेले नाही. सातबारा मोजला गेला. नऊ माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला अडीचशे फूट आणि चार माणसांच्या बागायतदाराला साडेसातशे! भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता, तो सरकारने पाहिला. शेतकऱ्याला धान्य, अवजारे, बी-बियाणे ठेवायला जागा लागते, हे कारण आम्हास मान्य आहे. परंतु मजुराच्या बाईला बाळंतपणासाठी जागा लागते, त्याच्या मुलीला अभ्यासासाठी कोपरा लागतो, ही कारणे कोणत्या रकान्यात बसवायची?

आपण भूमिहीन का, याचेही उत्तर इतिहासात आहे. आता धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले होते. ज्या वतनाने गावाची चाकरी गळ्यात बांधली आणि बदल्यात तुकडाभर जमिनीवर बोळवण केली, त्या वतनाचाच तो प्रश्न होता. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. जमीन मागणाऱ्यांना जमीन पुरेशी मिळाली नाही. आणि १९९३ मध्ये, ज्याला जमीन नव्हती त्याला घरही लहान मिळाले. एका अन्यायाने दुसऱ्याचे माप काढले, ते असे.

उलट बाजूही सांगितलीच पाहिजे. आपल्या कितीतरी कुटुंबांना आयुष्यात पहिल्यांदा पक्के घर मिळाले ते याच वेळी. पत्रा उडण्याची भीती गेली. रुंद रस्ते आले. पुढे-मागे मोकळी जागा मिळाली. म्हणून अडीचशे फुटांच्या त्या घरांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांतल्या कित्येक घरांच्या भिंतीवर आज पदवीदानाचे फोटो आहेत. आमची तक्रार घराबद्दल नाही; घराचे माप काढणाऱ्या फुटपट्टीबद्दल आहे.

कोपी

याहून लहान घर पाहायचे असेल तर दूर जायला नको. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर बांबू वाकवून, त्यावर पाचट, चटई नाहीतर ताडपत्री टाकून कोपी उभी राहते. वाकून आत जायचे, बसूनच साडी बदलायची, दाराशी तीन दगडांची चूल. सहा महिने नवरा-बायको, कडेवरचे लेकरू आणि कधी कधी म्हातारी सासू यांचे जग तेवढेच. ना न्हाणीघर, ना संडास, ना दिवा.

सामान कमी आहे, घर हलके आहे, जागा बदलता येते. अमेरिकेतल्या त्या चळवळीच्या साऱ्या अटी कोपीत पुऱ्या होतात! पण कोपीतली बाई साधे जीवन जगते असे कोणी म्हणाले, तर ती तिची थट्टा होईल. तिने हे माप निवडलेले नाही. मुकादमाची उचल फेडायची म्हणून ती तेथे आहे. उद्या सकाळी उठून, नको मला हे, असे म्हणण्याची तिला मोकळीक नाही. थोरोच्या झोपडीत आणि या कोपीत हाच फरक आहे.

तथागतांनी घातलेले माप

आता धम्म काय सांगतो ते पाहू. हा जिल्हा धम्माला परका नाही. तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर नगर. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची जुनी वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अभ्यासक सांगतात. ज्या वाटेने व्यापारी गेले त्याच वाटेने चीवरधारी भिक्खूही या भागातून चालत गेले असतील. त्यांच्या निवाऱ्याबद्दल विनयपिटकात एक फार बोलका प्रसंग आहे.

आळवी नगरातील काही भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधू लागले. माप काही नव्हते, त्यामुळे बांधकाम संपेना. मग ते दारोदार मागत सुटले : मजूर द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, वेत द्या, माती द्या. लोक इतके बेजार झाले की भिक्खू दिसला की वाट सोडून पळू लागले. दुरून एखादी गाय दिसली तरी भिक्खूच आला असे वाटून लोक पळत! ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी त्या भिक्खूंची कानउघाडणी केली आणि नियम घालून दिला. स्वतःसाठी मागून कुटी बांधायची तर ती आतून बारा वीत लांब आणि सात वीत रुंद असावी, त्याहून मोठी नको. ही वीत 'सुगत वीत' म्हटली आहे. आपल्या साध्या वितीने धरली तर नऊ फूट बाय सव्वापाच फूट होते. अट्ठकथा ती वीत तिप्पट मोठी धरते. माप कोणतेही धरले तरी मर्यादा स्पष्ट आहे.

नियम एवढ्यावर थांबत नाही. जागा अगोदर संघाला दाखवावी. तेथे जीवजंतूंची वारुळे, बिळे मोडणार नाहीत हे पाहावे. आणि कुटीभोवती बैलगाडी फिरेल इतकी मोकळी जागा असावी. पाहा, कुटी लहान, पण भोवतीचा मोकळेपणा सक्तीचा! आत पसारा नको, बाहेर हवा-उजेड हवा, शेजाऱ्याला त्रास नको, धोक्याची जागा नको. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या कोणत्याही इंजिनिअरने मान डोलवावी असा आहे.

मात्र हा नियम भिक्खूंसाठी होता, गृहस्थांसाठी नव्हता, हे आपण विसरता कामा नये. भिक्खूने घर सोडलेले असते, ते स्वेच्छेने. गृहस्थाला तथागतांनी गरीब राहा असे कधीच सांगितले नाही. अनाथपिंडकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : कष्टाने आणि न्यायाने मिळवलेले जवळ असणे, त्याचा उपभोग घेणे आणि दान करणे, कोणाचे ऋण नसणे, आणि वर्तनात दोष नसणे. यातल्या तिसऱ्या सुखाला पालीत 'अनणसुख' म्हणतात. घराच्या बाबतीत आम्हास हे सुख सर्वांत मोलाचे वाटते.

दोन खोल्यांतून राजगृहाकडे

बाबासाहेबांइतके लहान घर क्वचितच कोणी इतक्या मोठ्या कामासाठी वापरले असेल. परळच्या चाळीत रामजीबाबांचे कुटुंब एका खोलीत राहत होते. परीक्षेच्या दिवसांत भीमराव लवकर झोपत, वडील जागे राहत आणि रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत. त्या एका खोलीत विद्यार्थ्यासाठी जागा नव्हती, म्हणून बापाने स्वतःची झोप देऊन वेळ निर्माण केला. पुढे बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार झाला. माता रमाईने काटकसरीने, उपासमारीने तो रेटला. महाडचा लढा झाला तेव्हा बाबासाहेबांचे बिऱ्हाड तेथेच होते.

आणि मग दादरला राजगृह उभे राहिले. हे मोठे घर कशासाठी? मुख्यतः ग्रंथांसाठी. गरज होती त्या मापाचे घर त्यांनी बांधले, आणि गरज ग्रंथांची होती.

म्हणूनच दारिद्र्याला गोंजारणारा साधेपणा बाबासाहेबांना मान्य नव्हता. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात, धर्म कसा असावा याच्या कसोट्या सांगताना त्यांनी एक कसोटी अशी ठेवली की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्याजवळ आहे त्याने ते सोडणे निराळे. ज्याच्याजवळ नाही त्याला तू असाच पवित्र आहेस म्हणून सांगणे निराळे. यंत्रे, सोयी, नीटनेटकी वस्ती यांमुळे माणसाला सवड मिळते आणि सवडीतूनच ज्ञान-संस्कृती वाढते, असे त्यांचे मत होते. उद्या कोणी शहाणा येऊन म्हणाला, "परदेशातले लोकसुद्धा लहान घरात राहतात, मग तुम्हाला अडीचशे फूट पुरे", तर त्याला हे उत्तर द्यावे.

आपल्या घरकुलाबद्दल चार गोष्टी

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. इंदिरा आवासचे घर किमान २० चौरस मीटरचे होते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, असे माप आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. म्हणजे भूकंपानंतर भूमिहीनाला मिळालेल्या अडीचशे फुटांच्या पुढे आपण इतक्या वर्षांत फारसे सरकलेलो नाही. हे माप वाढावे, ते कुटुंबातल्या माणसांवर ठरावे, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि चळवळीच्या मंचावर केलीच पाहिजे. ती होईपर्यंत हातात आहे ते घर शहाणपणाने बांधणे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट ऋणाची. घरकुलाचा पहिला हप्ता मिळतो आणि घरात उत्साह येतो. शेजाऱ्याने तीन खोल्या काढल्या, आपणही काढू. जोते मोठे टाकले जाते. मग अनुदान भिंतीपर्यंत पुरते, पुढे फायनान्सवाल्याचे आठवड्याचे हप्ते, त्यावर सावकार, आणि स्लॅब मात्र पडत नाही. अशी बिनछताची मोठी घरे गावोगाव दिसतात. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक खर्चाला, दोन कामधंद्याला, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. यात दिखाव्यासाठी भाग नाही. अनुदान आणि स्वतःची शिल्लक मिळून जेवढे पुरे होईल तेवढेच घर आधी पुरे करावे, पुढच्या खोलीसाठी जागा सोडून ठेवावी. पुरे झालेले लहान घर हे अर्धवट मोठ्या घराहून केव्हाही चांगले.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. १९९३ च्या घरांत तेव्हाची लेकरे आता आई-बाप झाली आहेत. दोन मुलगे, दोन सुना आल्या की पुढे पत्र्याची ओसरी, मागे एक खोली अशी भर पडते. भर घालायला हरकत नाही. पण पुन्हा दगड-मातीची भिंत आणि तिच्यावर जड छत, ही चूक या मातीत कोणी करू नये. दगडाची भिंत असेल तर थोड्या थोड्या अंतरावर आरपार लांब दगड बसवावा. जोत्यावर, दारे-खिडक्यांवर आणि छताखाली सिमेंट-सळईचा सलग पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवावा. दार-खिडकी कोपऱ्याला खेटून काढू नये. गवंडी म्हणेल, "कशाला उगीच खर्च?" त्याला सास्तूरची आठवण द्यावी.

तिसरी गोष्ट बाईच्या नावाची. या घरकुलांची नोंद पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे व्हावी अशी तरतूद आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी कागद निघतो तो एकट्या नवऱ्याचा. दारूपायी घर गहाण पडले, नवऱ्याने दुसरी केली, किंवा तो अकाली गेला, तर बाईने कोठे जायचे? हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांच्या घरी तरी हा प्रश्न पडू नये. ग्रामपंचायतीत आठ अ चा उतारा आजच काढून पाहा, त्यावर कोणाचे नाव आहे ते. भगिनींनी हे काम पुरुषांवर सोडू नये.

चौथी गोष्ट घराच्या आतल्या जागेची. अडीचशे फुटांत काय ठेवायचे आणि काय नाही, हे बसून ठरवावे लागते. आहेरात आलेली भांडी, कधी न उघडलेले डबे, मोडके पंखे, लग्नात घेतलेला आणि अर्धी खोली खाणारा शोकेस, यांना जागा असते. मग मुलीच्या वहीला नसते. दोन माणसे मिळून एक दिवस काढा. वर्षभर हात न लागलेली वस्तू बाहेर काढा, कामाची असेल तर गरजूला द्या. भिंतीत फळ्या ठोकून सामान वर चढवा, खालची जमीन मोकळी ठेवा. चूल असेल तर धूर जायला वाट ठेवा. पूर्वेला किंवा दक्षिणेला वास्तुदोष शोधू नका; खिडकी कोठून वारा आणते ते शोधा. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा जेथे लावाल, तिच्याखालीच एक फळी पुस्तकांची लावा आणि तिच्यावर दिवा येईल असे पाहा. संध्याकाळी सात ते नऊ ती जागा मुलांची. तेवढा वेळ टी. व्ही. बंद आणि मोबाईल गप्प. एका खोलीतही ज्ञानाला जागा होते, हे रामजीबाबांनी करून दाखवले आहे.

आणि जे आपल्या घरात मावत नाही, ते सर्वांनी मिळून उभारावे. प्रत्येक घरात अभ्यासिका होणार नाही. पण वस्तीतल्या बुद्धविहारात होऊ शकते. प्रत्येक घरात पाहुण्यांची खोली, मंगलपरिणयाची जागा, आजारी माणसाला विसाव्याची जागा होणार नाही. विहाराच्या सभागृहात होऊ शकते. विहार फक्त पौर्णिमेला उघडून कुलूप लावण्यासाठी नाही. परदेशातल्या त्या साध्या राहणीवाल्यांतही काही ठिकाणी असेच करतात : घरे लहान, आणि धुण्याची, जेवणाची, बसण्याची एक जागा सर्वांची. भिक्खू संघाने हे फार आधी केले होते. कुटी एकाची, विहार सर्वांचा.

आमचे म्हणणे

लहान घर हा कमीपणा नाही, आणि मोठे घर हा पराक्रम नाही. घराचे माप त्यात राहणाऱ्यांनी ठरवावे. सातबाऱ्याने नव्हे, शेजाऱ्याच्या स्लॅबने नव्हे, सावकाराच्या वहीने तर नव्हेच. ज्याला मोठे घर मिळवण्याचा हक्क आहे आणि तरी जो लहानात समाधानी आहे, तो साधे जगतो. ज्याला हक्कच नाही, तो फक्त सोसतो. कोपीतल्या बाईला पक्के घर मिळेपर्यंत साधेपणाची महती तिला ऐकवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

तोवर घरकुलाचे जोते घालणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दोरी धरण्यापूर्वी एकत्र बसावे. म्हातारीला विचारावे, सुनेला विचारावे, शाळेत जाणाऱ्या पोरीलाही विचारावे, तुला किती जागा लागते? आणि मग दोरी धरावी.

जयभीम! नमो बुद्धाय!